उणे वीसमध्ये ‘ओके’ म्हणायचं नाही

“खान्देशातून? मग बर्फ गोळ्यातच पाहिला असेल!” अंटार्क्टिका मोहिमेच्या निवडीच्या बैठकीत एक साहेब असं म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले, याचा राग घरी येईपर्यंत गेला नाही. मोहिमेच्या हिमालयातल्या सरावात आमच्या पथकाला जागा नव्हती. नाही तर नाही! सराव जळगाव जिल्ह्यातच करायचा, तोही मे महिन्यात, हे त्याच दिवशी ठरवलं.

आमचं पथक तिघांचं. मी भूगोल शिकवते. धुळ्याची हर्षा बर्फाचे नमुने तपासते. आणि साक्रीचे भटूभाऊ, बर्फात भोक पाडणारं ड्रिल दुरुस्त करू शकणारा आमच्यातला एकमेव माणूस.

सकाळी सहालाच जळगावहून निघालो. तुम्हीही तेव्हाच निघा, दहानंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. नशिराबाद मागे टाकून भुसावळला कचोरी खाल्ली. एका प्लेटने भागत नाही, आधीच दोन सांगा. पुढे सावद्याच्या वाटेला दोन्हीकडे केळीच केळी. तिथे केळीचा गर गोठवून ठेवणारं एक शीतगृह आम्हाला दोन दिवसांसाठी मिळालं होतं. बाहेर पंचेचाळीस, आत उणे वीस. दारावरच्या नानांनी आमचे जाड कोट पाहून कपाळाला हात लावला.

“इठी आम्ही केयी ठेवतो, तुम्ही मान्सं ठेवता का?”

आमची तयारी तपासायला मुंबईहून आलेले प्रशिक्षक घड्याळ घेऊन आत उभे राहिले. अर्ध्या तासात ड्रिल जोडायचं होतं. दर पाच मिनिटांनी ते विचारत, “ओके?” आम्ही तिघंही म्हणत होतो, “ओके!” चौथ्या वेळी माझं लक्ष भटूभाऊंच्या हाताकडे गेलं. हातमोजे खिशात! मोज्यातून पेच कळत नाही, ही मेकॅनिकची जन्माची सवय.

“भटूभाऊ, बोटं कशी शेतस?”

“शेतस का नही, तेच समजत नही.”

त्यांना ओढतच बाहेर आणलं. दोन बोटं पांढरीफटक पडली होती. मी भडकले. “मंग सांगं का नही?”

“त्या साहेब इंग्रजीमा इचारत व्हतात. इंग्रजीमा ओकेच म्हनतस ना!”

प्रशिक्षक म्हणाले, “यांनी खोटं सांगितलं. यांना वगळा, दुसरा माणूस घ्या.” मी सरळ नाही म्हटलं. शाळेपासून आम्ही साहेबाला ‘ओके’च म्हणत आलोय. दुखतंय हे सांगायची आमची भाषा वेगळी आहे, मग विचारायचंही तिच्यातच.

दुपारी भटूभाऊंनी भुसावळच्या वर्कशॉपमधून सगळ्या पेचांना मोठ्या मुठी बसवून आणल्या. दुसऱ्या दिवशी मोजे घालून हर्षाने आणि मी ड्रिल जोडलं. भटूभाऊ दाराबाहेरून सांगत होते आणि मध्येच सगळ्या बोटांची खबर घेत ओरडत होते, “बठ्ठा बोटं हालतस का?” चोवीस मिनिटं लागली. प्रशिक्षकांनी स्वतः दोनदा घड्याळ पाहिलं.

गाडी, जेवणखाण धरून साडेचार हजारांत हा सगळा प्रवास झाला. घरी आल्यावर निवड समितीचा अहवाल मिळाला: सराव समाधानकारक, अट एकच, भटूभाऊंऐवजी इंग्रजी नीट येणारा तंत्रज्ञ घ्यावा. खाली माझ्या सहीची जागा होती. मोह झाला नाही, असं म्हणणार नाही. अंटार्क्टिका माझं वीस वर्षांचं स्वप्न आहे.

सही केली नाही. त्या जागेवर लिहिलं, “आम्ही तिघं येऊ, नाहीतर कोणीच येणार नाही.” अहिराणीत लिहिलं, म्हणजे त्यांनाही कोणाला तरी विचारावं लागेल.