बाईंनी इंजिन बदललं

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना ‘नाही’ म्हणून टिकलेला माणूस मी उभ्या सिल्वासात पाहिला नाही. म्हणणारे पुष्कळ होते. बाई मूळच्या मालवणकडच्या, सरकारी नोकरीने इकडे आलेल्या. वर्गाला पंखा मिळणार नाही असं हेडमास्तर म्हणाले, तेव्हा त्यांनी अख्खी नववी हेडमास्तरांच्या खोलीत नेऊन बसवली आणि तिथेच प्रमेय शिकवलं. भाजीवाल्याशी त्या गुजरातीत बोलत, कारखान्यातल्या खानदेशी पालकांशी मोडक्यातोडक्या अहिराणीत. कचेरीतल्या साहेबाशी मात्र मुद्दाम मराठीत.

त्यांची गाडी पंधरा वर्षांची झाली आणि त्याच साली इंजिन कायमचं बंद पडलं. सगळ्यांनी ती भंगारात द्यायला सांगितलं. पण अर्धांगवायू झालेले यजमान बाहेर पडायचे ते त्याच गाडीतून. रिक्षात उचलून ठेवलेलं त्यांना खपत नसे. बाईंनी वापीहून दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवलं आणि गाडी आरटीओत पासिंगला नेली. सोबतीला मी, त्यांच्या वर्गातलं पोर.

तपासनिसाने बुकातला नंबर इंजिनाशी ताडला आणि मान हलवली. “बेन, नंबर मळतो नथी.” बुकात जुन्या इंजिनाचा नंबर, तो जुळणार कसा; आणि नव्याचा तर गंजात धड वाचताच येत नव्हता. गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं त्याने बजावलं. बाईंनी इंजिनाची पावती पुढे केली आणि इंजिन बदलता येत नाही हा नियम लिहून मागितला. तो काही लिहून देईना. मग रस्त्यावर आणायची नाही म्हणता तर इथेच राहील, असं सांगून बाईंनी गाडी त्याच आवारात ठेवली. रोज शाळा सुटली की तिथे जायच्या, बॉनेट उघडायच्या आणि गाडीत बसून पेपर तपासायच्या. सोडून द्या, असं मी घाबरत सुचवलं.

“चूक माझी असती तर सोडलं असतं,” बाई म्हणाल्या. “त्यांना नुसता कंटाळा आलाय.”

आठव्या दिवशी सकाळी यजमानांनी विचारलं, गाडी कधी येणार? त्या संध्याकाळी बाईंनी पदर खोचला, रॉकेलच्या फडक्याने इंजिन घासलं, वर कागद धरून पेन्सिल फिरवली. पावतीवरचेच आकडे स्वच्छ उमटले. तपासनिसाने तो कागद बराच वेळ न्याहाळला, ब्रेक आणि दिवे तपासले आणि बुकात नवा नंबर चढवला. शिक्का मारता मारता हळूच विचारलं, माझ्या मुलीला गणित शिकवाल का?

“पाठवा,” बाई म्हणाल्या. “उशीर चालणार नाही.”

त्या रविवारी यजमानांना पुढे बसवून आम्ही दादऱ्याच्या तळ्याकडे निघालो. वाटेत त्यांनी आपला चांगला हात खिडकीबाहेर काढून वाऱ्यात तसाच धरला. एरवी बाई रागावल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी फक्त गाडी हळू केली. तळ्यावर पोचायला आम्हाला बराच वेळ लागला.