सर्जासाठी एक डबा ग्रीस

माझी नात इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वंगण बनवते. घर्षण कमी झालं की तेवढ्याच चार्जवर गाडी जास्त पळते, असं ती परवा मला समजावत होती. "हे मी तरुणपणीच पाहिलंय, बैलगाडीवर," म्हटलं. तिचा विश्वास बसेना, म्हणून हा प्रवास लिहितोय.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, मोटार गॅरेजात होतो. मावसभावाने धानोऱ्याकडच्या त्याच्या गावी बोलावलं. थैलीत कपड्यांसोबत गॅरेजातला ग्रीसचा डबाही टाकला. सवय, दुसरं काय! मूल, सावली ही गावं करत बसने वैनगंगा गाठली, नावेतून ओलांडली. (आता पूल आहे, तरी काठावर तासभर बसाच.) गडचिरोलीत भात नि अंबाडीची भाजी हाणली.

पुढे बैलगाडी; हाकणारे सदूभाऊ, गाडीमालकाचे गडी. चाकं अशी किंचाळत होती की कान किटले.

"सदूभाऊ, वंगण काऊन नाई लावत?"

"मुद्दाम नाई लावत. आवाजानं वाघ दूर रायते. मुकी गाडी घेऊन जंगलात कोन जाईन?"



चढाच्या पायथ्याशी म्हातारा सर्जा गुडघ्यांवर बसला तो उठेना. वासरू असल्यापासून सदूभाऊंच्या हातचं खाल्लेला बैल. त्यांचा चेहरा पडला.

"आजबी चढ नाई चढला त मालक त्याले बाजारात विकन. मागच्या खेपेलेच बोलले."

मी डबा काढला. नको-नको करत शेवटी त्यांनीच चाकाची खीळ उपसली. गाडी ओंडक्यावर टेकवून आम्ही चाकं काढली, आस पुसला, भरपूर ग्रीस चोपडलं. सर्जा उठला, जोडीदाराबरोबर गाडी ओढू लागला आणि न थांबता वर! मला नाचावंसं वाटलं. सदूभाऊ मात्र भेदरून झाडीकडे बघत होते. मग घसा खाकरून त्यांनी गाणं सुरू केलं. वाटभर जेमतेम चार-पाच वाक्यं बोललेला माणूस! सूर एकीकडे, ताल दुसरीकडे. वाघाचं ठाऊक नाही, माकडं नक्की पळाली.

गावात उतरलो तेव्हा ते म्हणाले, "डबा ठेवून जा भाऊ. आवाज मी करतो."

आठ दिवसांनी परतायला निघालो, तर गाडी दिसण्याआधी गाणं ऐकू आलं. जुवाखाली सर्जाच होता. जवळ गेलो तशी त्याने माझ्या हाताची बोटं चाटली.

चांद्याला गॅरेजच्या उस्तादांनी डब्यावरून फैलावर घेतलं.  पुढे आयुष्यभर मोटारींना ग्रीस भरलं, पण त्यातल्या एकीनेही कधी माझा हात चाटला नाही.