भालेरावांचा जुना पास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती एवढंच विचारेल — मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हीही विचाराल. विचारा. पण आधी ऐकून घ्या.

माझा स्वभाव संशयी आहे. दुधाचं माप मी घरी पुन्हा मोजून बघतो. वॉचमनने नमस्कार केला, की आजच का केला, असं मनात येतं. बायको म्हणते, तुम्हाला कुणी प्रसाद दिला तरी तुम्ही तो उलटा करून बघाल. खोटं नाही ते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळच्या अंबडमधला आमचा कारखाना बंद पडला आणि मला कल्याणच्या एका फर्ममध्ये ड्रॉइंग काढायचं काम मिळालं. नोकरी नव्हे, कंत्राट. पगार नाही, बिल. नाशिकरोडहून सकाळची मुंबईची गाडी, पासधारकांचा डबा, संध्याकाळी परत. डब्यात आमचा सहाजणांचा कंपू होता. रमी चालायची, आणि गुण मांडायला मुदत संपलेल्या पासची मागची कोरी बाजू वापरायचो. नावाचं पहिलं अक्षर, पुढे आकडे. माझं आडनाव देवरे, म्हणून मी ‘दे’.

कंपूत भालेराव होते. कल्याणलाच, कर खात्याच्या कचेरीत कारकून. दर महिन्याला सगळ्यांची ओळखपत्रं आणि पैसे गोळा करून, खिडकीवर रांग लावून तेच सगळ्यांचे पास काढून आणायचे. सुट्टे पैसेसुद्धा पुडीत बांधून परत. कल्याणला खोली घ्या, दगदग वाचेल, असं त्यांना सगळे सांगायचे. पण त्यांच्या धाकट्या मुलीला, सुमनला, फार अधू दिसायचं. रोज संध्याकाळी घरी जाऊन ते तिला पुस्तकं वाचून दाखवायचे, त्यावरच तिची शाळा चालली होती. म्हणून रोजचा प्रवास.

पासचा खर्च करातून वजा होतो का, हे मी त्यांनाच विचारलं. घरून कामावर जायचा खर्च चालत नाही, म्हणाले. पण ऑफिसच घरी असेल आणि तिथून गिऱ्हाइकाकडे जात असाल, तर मांडून बघा — खरं असेल तरच हं, देवरे. शेवटचं सोडून बाकी सगळं मी नीट ऐकलं. बाहेरच्या खोलीत वडिलांच्या कॉटशेजारी ड्रॉइंग बोर्ड ठेवला आणि दारावर पाटी लावली. वडील आल्यागेल्याला सांगायचे, मी हल्ली ऑफिसात झोपतो.

रिटर्नला बारा महिन्यांचे पास जोडायचे होते. माझ्याकडे अकरा निघाले. एक महिना मी काविळीने अंथरुणावर होतो, पास काढलाच नव्हता. मग — हे सांगताना अजून कान गरम होतात — पत्ते ठेवायच्या डबीतून एक जुना पास उचलला. नेमका त्या महिन्याचा. भालेरावांचा. पासवर ओळखपत्राचा नंबर तेवढा असतो, हाताने खरडलेला. तो कोण बघत बसणार? मी टाचणी मारली आणि विसरून गेलो.

वर्षभराने नोटीस आली. प्रवासखर्चाच्या पुराव्याबाबत समक्ष हजर राहावे, एवढंच. माझं ऑफिस कसलं आहे, हे कुणाला माहीत होतं? एकाच माणसाला. नाशिकच्या फायलीशी कल्याणच्या कारकुनाचा काय संबंध, हा साधा प्रश्नही मला पडला नाही. उलट सगळं जुळायला लागलं. मागच्या आठवड्यात ते माझ्याकडे बघून हसले होते — ते का? वडिलांची चौकशी केली होती — ती कशाला?

दुसऱ्या दिवशी, इगतपुरी गेल्यावर, ते हात धुवायला उठले. मी पत्ते पिसत होतो. म्हणालो, “मला नोटीस आलीये. आपण इथे काय काय बोलत असतो ना... जरा जपून.” नाव घेतलं नाही. फक्त त्यांच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

तेवढं पुरलं. प्रत्येकाचं काही ना काही झाकलेलं होतंच — कुणाचं भाडं, कुणाचा जोडधंदा. पुढच्या महिन्यात पास काढायला त्यांच्याकडे कुणी पैसे दिले नाहीत. त्यांच्यासाठी सीटवर रुमाल टाकणं बंद झालं. ते आले की बोलणं थांबायचं. त्यांनी एकदा विचारलं, “काय झालंय? माझं काही चुकलं का?” कुणीतरी म्हणालं, कुठं काय. मग ते दाराशी उभे राहायला लागले. कल्याणपर्यंत.

आणि मग माझी तारीख आली. साहेब वयाने लहान होता, वागायला सभ्य. त्याने फाईल उघडली, एक पास वेगळा काढला आणि म्हणाला, याच्यावरचा नंबर बाकीच्या अकरांशी जुळत नाही. एवढीच शंका होती, दुसरं काही नाही. मग त्याने पास उलटा केला. मागे रमीचे गुण होते, सगळ्यात खाली माझे.

“हा ‘दे’ म्हणजे तुम्हीच का?”

मी हो म्हणालो. तो हसला. त्याने पासांचा सगळा खर्च नामंजूर केला. थोडा कर, थोडं व्याज. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायलो. नोटीस भालेरावांमुळे आली नव्हती. माझ्या चोरीमुळे आली होती, आणि आता ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी डब्यात सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य पुरलं असतं. मी मनात ते जुळवूनही गेलो होतो. पण सांगायचं तर पास चोरला हेही सांगावं लागणार होतं. मी पत्ते वाटले.

त्याऐवजी मी काय केलं माहीत आहे? मी दाराशी जाऊन त्यांच्याशी बोलायला लागलो. वडा नेऊन द्यायचो, सुमनची चौकशी करायचो. लाज वाटत होती, म्हणून? की त्यांना काही कळलंय का, याचा अंदाज घेत होतो? दोन्ही. दुसरंच जास्त.

चार महिन्यांनी त्यांनी कल्याणला खोली घेतली. म्हणाले, “रोज चोरासारखं उभं राहणं आता सहन होत नाही, देवरे.” घरी फक्त शनिवारी यायचे. त्या वर्षी सुमन बारावीला होती. ती नापास झाली आणि तिने शिक्षण सोडलं. ती गोष्ट मी दुसऱ्याकडून ऐकली आणि जेवायला बसलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी पंचवटीत भाजीबाजारात ते भेटले. रिटायर झालेले. एका हातात मेथीची जुडी, दुसरा हात सुमनच्या हातात. मी तोंड फिरवणार होतो, पण त्यांनी हाक मारली. चेहरा असा उजळला, की मला पुन्हा संशय आला — यांना माहीत आहे का? माहीत असून हसतायत का? मी त्यांचे डोळे न्याहाळले. तिथे काहीच नव्हतं, आनंद होता.

त्यांनी मुलीला सांगितलं, “सुमन, हे देवरेकाका. मी सांगतो ना नेहमी — अख्ख्या डब्यात शेवटपर्यंत माझ्याशी बोलणारा एकच माणूस, तो हा.”

तिला नीट दिसत नव्हतं. तिने वाकून, हाताने चाचपत माझे पाय शोधले आणि नमस्कार केला.

मी पाय मागे घेतले नाहीत.