तिसऱ्या रांगेतला खोकला

"गप्प बसा सगळे, तो खोकणार आहे आता," काका ओरडले. काकूंचा चमचा कपातच थांबला, मांजर शेपटी वर करून होतं तिथेच उभं राहिलं. केळीच्या बागेतल्या विहिरीवरची मोटर तर काकांनी आधीच बंद करून ठेवली होती. टेपरेकॉर्डरमध्ये एक गवई गिटार छेडत कानात सांगितल्यासारखा गात होता. तेवढ्यात खरोखरच कोणीतरी खोकलं. काकांनी डोळे मिटून, समेवर डोलवावी तशी मान डोलवली आणि म्हणाले, "वा."

आमच्या शेजारच्या या काकांइतका गाण्याचा वेडा वसईत दुसरा झाला नाही, आणि गाणं सोडून बाकीचं सगळं ऐकणाराही दुसरा झाला नाही, हे मी किल्ल्याच्या बुरुजावर उभा राहून सांगेन. धंदा केळी आणि विड्याच्या पानांचा. काकूंचा भाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने ब्राझीलच्या बंदरातून ती कॅसेट आणली. बोसा नोव्हा, म्हणजे तिकडची हळू आवाजातली गाणी. आणि ही तर स्टुडिओत भरलेलीही नव्हेत, वीसेक वर्षांपूर्वी एका लहानशा हॉलमध्ये लोकांसमोर म्हटलेली. काकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तो हॉल त्यांना आमच्या आळीपेक्षा जास्त पाठ होता. ग्लासांची किणकिण, खुर्ची सरकवणारी बाई (बाईच; पुरुष खुर्ची सरकवत नाही, ढकलतो, असं काकांचं मत), शब्द विसरून हसणारा गवई आणि त्याला पुढची ओळ पुरवणारे लोक. "आपले गवई गातात तेव्हा कोंबडे दचकतात," काका मला सांगत. "हा बघ, बाजूच्या खोलीत मूल निजवून आल्यासारखा गातो. म्हणून तर मागची माणसं ऐकू येतात. अशा गाण्यात आपल्यालाही बसायला जागा मिळते." ती भाषा पोर्तुगीज आहे हे कळल्यावर, किल्ला घेतला तेव्हाच गाणीही का मागून घेतली नाहीत, असा पेशव्यांच्या फौजेवर त्यांचा कायमचा राग बसला.

पण खरा जीव त्या खोकणाऱ्यावर. तो तिसऱ्या रांगेत बसलेला होता, कारण पहिल्या रांगेतला माणूस खोकला गिळतो आणि शेवटच्या रांगेतला बाहेर जाऊन खोकतो. वय चाळिशीचं, स्वभाव भिडस्त. थंडी पडली की काकांना त्याची काळजी लागे. एकदा तर त्यांनी मेव्हण्याबरोबर अडुळशाच्या काढ्याची बाटली धाडली, बंदरात कोणाकडे तरी देऊन ठेव म्हणून. त्याच्यापायी मोटर इतक्यांदा बंद पडे की एका वर्षी काकांची केळी करंगळीएवढी झाली. काकू म्हणत, "मी नाही बाई ऐकत ती कुरकुर."

मेव्हण्याला वाटलं, बिचारे भावजी इतकी खराब टेप ऐकतात. पुढच्या सुट्टीत त्याने दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर आणला, त्याच गवयाची तीच गाणी स्टुडिओतली, स्वच्छ, आणली, आणि काका बागेत असताना ती जुन्या कॅसेटवरच भरून टाकली. कोरी कॅसेट कशाला वाया घालवा. संध्याकाळी काकांनी हात वर केला, आम्ही श्वास रोखला, आणि गाणं त्या जागेवरून पाय न अडखळता पुढे निघून गेलं. काकांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा तेच. मग ते एवढंच म्हणाले, "गेला."

घरात चूल पेटली नाही. सुतकाच्या घरी द्यायचा म्हणून आईने पिठलं-भात पाठवला, आणि काकांनी तो मुकाट्याने खाल्ला. आचोळ्याचा एक पानवाला माल न्यायला आला होता, तोही चेहरे बघून टोपी काढून ओटीवर बसला. त्याने हळूच विचारलं, "वय काय होतं?"

"चाळिशीतला," काका म्हणाले.

मेव्हणा तोंड लपवून जहाजावर परत गेला. मोटर दिवसभर चालू लागली, केळी मनगटाएवढी झाली, आणि काका मात्र घरात पाहुण्यासारखे वावरू लागले. जेवणाला नावं ठेवीनात. काकूंना याचीच भीती वाटली. टेपरेकॉर्डरवर फडकं पडलं होतं, तसंच माणसावरही पडलं होतं.

एका संध्याकाळी मी ओटीवर बसलो असताना बागेतली मोटर अचानक थांबली. ती काकूंनी बंद केली होती. पदराला हात पुसत त्या आत आल्या, फडकं काढलं, कॅसेट लावली आणि काकांकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसल्या. गाणं सुरू झालं. काका भिंतीकडे बघत होते. त्या कडव्याच्या शेवटी गवयाने श्वास घेतला, आणि काकू पदर तोंडाशी धरून, परक्याच्या घरी आल्यासारख्या, हळूच खोकल्या.

काकांनी मान वळवली. गाणं संपलं, स्टुडिओतल्या गाण्यात टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून मीच वाजवल्या.

"जमलं का?" काकूंनी सुपातून डोळे वर न करता विचारलं.

काकांनी बराच विचार केला. मग कॅसेट मागे घेत म्हणाले, "तो जरा आधी खोकायचा."