त्याने विचारलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी बंगळुरात पोलिसांच्या वायरलेसवर काम करते. गस्तीच्या गाड्यांना कुठे जायचं, कुठे थांबायचं ते सांगायचं. सगळं कन्नडमध्ये, मराठी आमची घरापुरती. एका गाडीवर शंकर ड्रायव्हर होता, निपाणीकडचा. मला अक्का म्हणायचा.

त्या दिवशी एक मोटारसायकलवाला नाक्यावर थांबला नाही. गुन्हा काय? डोक्यावर हेल्मेट नव्हतं, एवढाच. शंकर मागे लागला. आणि मी — खरं सांगू? — मला मजा येत होती. पाठलाग सुरू झाला की मला चेवच चढायचा. पुढच्या चौकात कुठे वळायचं ते मीच सांगत होते. जयनगरच्या बाजारात शिरताना शंकर घाबरला असावा, कारण तो एकदम मराठीत बोलला. "अक्का, माणसं लई हाईत इथं. सोडू काय?"

मी उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नाही का? स्वच्छ ऐकू आलं. 'सोड' एवढंच म्हणायचं होतं — पण तो पोरगा आता हातातच आलाय असं वाटत होतं. मग फुलं घेत उभ्या असलेल्या एका बाईंना शंकरच्या गाडीची धडक बसली. त्या वाचल्या. पाय गेला.

चौकशीत रेकॉर्डिंग लावलं. साहेबांना मराठी येत नव्हती. हा काय म्हणतोय, ते त्यांनी मला विचारलं. मी कन्नडमध्ये सांगितलं — माणसं खूप आहेत, पण सोडणार नाही, असं म्हणतोय. शंकर समोरच बसला होता. कन्नड त्याला माझ्याइतकीच येते. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सरी," तो म्हणाला, म्हणजे बरोबर आहे. "गाडी माझ्याच हातात होती."

त्याची नोकरी गेली. मला पुढे बढती मिळाली.

नंतर पाठलागाचे नियम आले. चांगले आहेत. गर्दी दिसली की ड्रायव्हरने आधी कंट्रोलला, म्हणजे वायरलेसवर आम्हाला, विचारायचं, होकार आल्याशिवाय पुढे जायचं नाही. नव्या ड्रायव्हरांना ते मीच शिकवते. न विचारल्याने काय होतं ते कळावं म्हणून शंकरचं रेकॉर्डिंग ऐकवते, आणि अर्थही सांगते — चौकशीत सांगितला होता तोच. त्याआधी फक्त एक करते. वर्गात कुणाला मराठी येते का, ते विचारून घेते.