अडीच इंचांवरून खाली

आमच्या घड्याळांच्या शोरूममध्ये मी कोपऱ्यात स्टुलावर बसून पट्टे आणि सेल बदलतो. ती समोरच्या काउंटरवर अठरा वर्षं उभी आहे. सकाळी ती फरशीवरून चालत आली की मान वर न करताही कळायचं, म्हणून सगळे तिला टकटकताई म्हणायचे. काउंटरवरच्या बायकांनी अडीच इंच टाचेचे, निमुळत्या टोकाचे बूट घालायचे, हा दुकानाचा नियम. त्यावर दिवसाचे दहा तास उभं राहायचं.

एका सुट्टीच्या दिवशी लेकीने तिला घरात हटकलं. "आई, तू चवड्यांवर का चालतेस?" ताईने टाच टेकवायचा प्रयत्न केला, तर पोटरीत अशी कळ आली की भिंत धरावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा पाय हातात घेऊन पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, शेजारचं बोट त्यावर चढलेलं, तळव्याला घट्टे.

"टाचेमागची शीर आखूड झालीय," त्या म्हणाल्या. "हाड काही आपोआप मागे जायचं नाही, पण शीर सुटेल. मात्र उद्यापासून एकदम सपाट चप्पल घालू नका, जास्त दुखेल. हळूहळू खाली या. आणि पुढून रुंद बूट घ्या."

ताई तिथून तडक मोच्याकडे गेली. त्याने बूट उलटा करून पाहिला. "अर्धा इंच कापतो. त्याहून जास्त कापलं तर पुढचं टोक वर येईल. मग नवा जोड करून देतो, बसक्या टाचेचा, रुंद तोंडाचा."

नवा जोड आला तेव्हा मॅनेजरच्या लक्षात आलं. तो चक्क पट्टी घेऊन वाकला.

"दीड इंच," तो म्हणाला.

"हो. काही दिवसांनी एक होईल."

तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. त्याने ती वाचून घडी घातली. "मग मागे पॅकिंगला बसा."

"मला घड्याळं विकायचीत. काउंटर कमरेएवढा आहे, साहेब. गिऱ्हाइकाला माझे हात दिसतात. पाय दिसतात फक्त तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मेमो आला. तिने खाली लिहिलं, 'वाचलं. मान्य नाही.' आणि सही केली. दुसऱ्या मेमोवरही तेच. तिसऱ्यावर लिहिलं, 'उत्तर मागचंच.' मला हसू फुटलं, तसं मॅनेजरने वळून पाहिलं आणि मी घाईने डोळ्याला भिंग लावलं.

प्रकरण मालकीणबाईंपर्यंत गेलं. त्या स्वतः दुकानात आल्या, उंच टाचांवरच. "मीही हील्स घालते," त्या म्हणाल्या. "कधी तक्रार केली नाही."

"तुम्ही गाडीपासून खुर्चीपर्यंत घालता, बाई."

ताईने बूट काढला, मोजा काढला आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर पाय ठेवला. "याच्यावर उभं राहून मी तुमची घड्याळं विकली. मला काढायचं असेल तर काढा. पण कारण कागदावर लिहून द्या, की हिची टाच एक इंच कमी होती."

मालकीणबाईंनी वाकून तो पाय पाहिला. मग "पाय खाली घ्या," एवढंच म्हणून आत निघून गेल्या.

निर्णय असा काही कळलाच नाही. नियम अजून फळ्यावर आहे, पण त्या दिवसानंतर पट्टी कुणी काढली नाही. पुढच्याच आठवड्यात काउंटरवरच्या आणखी दोघी रुंद बूट घालून आल्या. जेवणाच्या सुट्टीत तिघी जिन्याच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा खाली सोडत उभ्या राहतात. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम. मॅनेजरला वर जायचं असलं की त्याला थांबावं लागतं. त्या घाई करत नाहीत.

ताईची टाच जमिनीला टेकायला वर्ष लागलं. हाड मात्र तसंच आहे, आणि काही दिवशी ठणकतंही.

परवा तिच्या धाकट्या बहिणीच्या घरी समारंभ होता. "आज तरी उंच टाच घाल, फोटो आहेत," बहीण म्हणाली.

"फोटोत पाय आले तर येऊ दे," ताई म्हणाली, आणि रुंद बूट घालून सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.