अण्णांची अर्थिंगची वायर
परवा अनगोळच्या ऑफिसात फायबरची काच पुसायच्या स्पिरिटची बाटली कलंडली आणि त्या वासासरशी निपाणी-चिकोडी रस्त्याकडेची ती दुपार आठवली. एका शाळेला नेट जोडून द्यायला मी आणि माझे वडीलधारे जोडीदार अण्णा गेलो होतो. वाळत्या तंबाखूचा उग्र दर्प सुटला होता, डोक्यावर हायटेन्शनच्या तारा गुणगुणत होत्या आणि आमची फायबरची केबल मैलभर त्यांच्या खालूनच गेली होती. अण्णांचं आयुष्य तांब्याच्या टेलिफोन लाईनवर गेलेलं. कुठलीही तार आधी जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा, ही त्यांची रीत. त्यांनी अर्थिंगची वायर काढली तेव्हा मी हसलो. "अण्णा, आत काच हाय. नुसता उजेड जातो. करंटनं हिला काय बी होत न्हाय." "व्हय?" म्हणत, माझ्या शिक्षणाला मान देऊन, त्यांनी वायर पिशवीत ठेवली. केबलला आधाराची पोलादी तार असते आणि वरच्या लाईनमुळे तिच्यात वीज उतरते, हे शिकलेलं मी विसरलो होतो. अण्णांनी शिडीवर चढून तीच तार धरली आणि झटक्यासरशी ते खाली कोसळले. उजवा तळहात भाजला, दोन बोटं कायमची आखडली. त्याच केबलवरचं गावातलं नेट मात्र क्षणभरही थांबलं नव्हतं. दवाखान्यात मी मान खाली घालून बसलो, तर तेच म्हणाले, "तू खोटं न्हाय बोललास रं. काचेला काय बी झालं न्हाय." अजूनही शिडी लावली की मी आधी ती अर्थिंगची वायर काढतो. निवृत्तीच्या दिवशी अण्णांनीच ती मला दिली, डाव्या हातानं.